कापूर कोणाकडून घ्यायचा?

प्लॅस्टिकची बादली, पट्टी किंवा विजेच्या तारेवरील वेष्टन हे निव्वळ बहुवारिकाचे बनलेले नसते. त्यात रंग असतो, उन्हाने तडकू नये म्हणून स्थिरकारक असतो, लवचीकपणासाठी प्लॅस्टिकीकारक असतो, काही वेळा आग रोखणारे द्रव्य असते. ही पूरक द्रव्ये कारखानदार सहसा स्वतः बनवीत नाही, विकत घेतो. मग ती कोणाकडून घ्यायची? आमच्यासारख्या प्रयोगशाळांत या प्रश्नाचे उत्तर तीन दरपत्रके मागवून त्यांतले सर्वांत कमी दराचे निवडणे असे दिले जाते. उद्योगात ते इतके सोपे नाही. हा प्रश्न प्लॅस्टिकइतकाच जुना आहे, आणि तो प्रथम ज्या द्रव्याबाबत उभा राहिला ते आपल्या घरोघरी, आरतीच्या तबकात असते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स याने नायट्रोसेल्युलोजपासून केलेला 'पार्केसाइन' हा पदार्थ 1862 च्या लंडन प्रदर्शनात मांडला. त्याची कंपनी 1868 मध्ये बंद पडली. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हयात या मुद्रकाने हस्तिदंताऐवजी बिलियर्डच्या चेंडूसाठी दुसरा पदार्थ शोधताना नायट्रोसेल्युलोज व कापूर उष्णता आणि दाब देऊन एकजीव केले. दहा हजार डॉलरच्या बक्षिसाच्या जाहिरातीमुळे तो या उद्योगात पडला, असे सांगतात. 1870 मध्ये त्याला एकस्व मिळाले आणि 'सेल्युलॉइड' बाजारात आले.

कापूर इथे नेमके काय करतो? नायट्रोसेल्युलोजचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ते तापवून वितळवू गेले तर वितळण्याआधीच विघटन पावते, कधी भडकतेही. कापराचा रेणू लहान व गोलसर. तो या साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांची एकमेकींवरील पकड ढिली करतो, आणि मग पदार्थ बेताच्या तापमानाला मऊ होऊन साच्यात बसतो. वजनाचा पाचवा ते चौथा भाग, कधी त्याहूनही अधिक, कापूर घालावा लागे. म्हणजे चिमूटभर मसाला नव्हे, तर कच्च्या मालातला मोठा वाटा! 'पूरक' हा शब्द अशा वेळी दिशाभूल करतो.

हा कापूर येई तो बहुतेक सगळा तैवान आणि जपानमधून. कर्पूरवृक्षाचे खोड तासून त्याच्या ढलप्यांतून वाफ सोडली की वाफेबरोबर कापूर निघतो आणि थंड भांड्यात साठतो. जुन्या झाडात कापूर जास्त, म्हणून दशकानुदशके वाढलेली झाडे तोडली जात. चीनच्या चिंग राजवटीत तैवानच्या अधिकाऱ्यांनी या व्यापारावर मक्तेदारी बसवली होती. ती मोडण्यासाठी 1868 मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी तैवानच्या आनपिंग बंदरावर तोफा डागल्या. खरेदीदाराने पुरवठ्याच्या अटी बदलून घेण्याचा हा एक मार्ग! सेल्युलॉइडचा जन्म झाला तेव्हा कापराचा बाजार असा नुकताच खुला झालेला होता.

1895 च्या शिमोनोसेकी तहाने तैवान जपानकडे गेले आणि 1899 मध्ये तेथे सरकारी कापूर मक्तेदारी आली. 1903 मध्ये ती जपानलाही लागू झाली. विक्रीचा ठेका पहिली काही वर्षे सॅम्युअल या ब्रिटिश व्यापारी पेढीकडे होता. मक्तेदारीचा खरेदीदारांना एक फायदाही झाला असला पाहिजे, कारण मालाची प्रतवारी सरकारी देखरेखीखाली होऊ लागली. पूर्वी कापरात पाणी व तेल राहून जाणे नेहमीचे होते, आणि पाणी राहिले की सेल्युलॉइडला दुधी झाक येते.

मात्र ही झाडे ज्या डोंगरांत होती ते निर्मनुष्य नव्हते. अतायल व इतर आदिवासी जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. कापूर काढणारे वर वर सरकू लागले तसतशी जपानी सरकारने पहारेकऱ्यांची रेषा डोंगरात पुढे ढकलली. तिच्यावर काही ठिकाणी विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा होत्या. 1910 ते 1914 या काळात या जमातींविरुद्ध आखीव लष्करी मोहीम झाली, आणि शेवटी तारोकोच्या दऱ्यांतून सैन्य घुसले. न्यूअर्कच्या कारखान्यात सेल्युलॉइडचा कंगवा कापणाऱ्या कामगाराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दरपत्रकात मालाचा दर असतो, तो माल कसा मिळवला हे नसते.

एकाच दुकानदाराकडून माल घ्यावा लागला की गिऱ्हाईक अस्वस्थ होते. या अस्वस्थतेतून अमेरिकेत फ्लोरिडामध्ये कर्पूरवृक्षांच्या लागवडी झाल्या, पण त्यातून तैवानला पर्याय उभा राहिला नाही. रसायनशास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. फिनलंडच्या गुस्टाफ कोम्पाने 1903 मध्ये कापराचे संपूर्ण संश्लेषण केले आणि 1907 मध्ये टायनिओनकोस्की येथे उत्पादनही सुरू झाले. व्यवहारात टिकला तो मात्र टर्पेंटाइनचा मार्ग. चीडच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनमधील पायनीनवर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया करायची, त्यातून कॅम्फीन, मग आयसोबोर्निओल, आणि शेवटी ऑक्सिडीकरणाने कापूर.

हा नवा कापूर जुन्यासारखाच होता काय? बहुतांशी होय. नैसर्गिक कापूर ध्रुवीय प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवतो. कृत्रिम कापरात डावे व उजवे रेणू सारखेच असल्याने तो वळवत नाही. साखळ्यांमध्ये शिरण्यासाठी या फरकाला महत्त्व नाही, म्हणून सेल्युलॉइडवाल्यांना तो चालला. औषधवाले मात्र बराच काळ नैसर्गिकच मागत राहिले. खरी अडचण वेगळी होती. पहिल्या पायरीतले क्लोरीन थोडे जरी मालात राहून गेले तरी पुढे त्यातून आम्ल सुटते, आणि आम्लाचा अंश नायट्रोसेल्युलोजचे विघटन वेगाने घडवून आणतो. म्हणून क्लोरीनची कसोटी घेणे गरजेचे ठरले. तांब्याची तार ज्योतीत लाल करून तिच्यावर नमुना घ्यावा आणि पुन्हा ज्योतीत धरावा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीनसारखे हॅलोजन आहे. ही बाइलश्टाइनची कसोटी. शाळेच्या प्रयोगशाळेत पीव्हीसीच्या कणभर तुकड्यावर शिक्षकांनी ती हवेशीर जागी करून दाखवावी. सेल्युलॉइडवर मात्र करू नये, ते भडकते.

आणि टर्पेंटाइन कोठून येई? मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या दक्षिण भागातून. तैवानच्या डोंगरातून सुटलेला युरोपीय कारखानदार तिकडच्या चीडवनांशी बांधला गेला. शिवाय जपान कापराचा दर खाली आणू शके, आणि तसे झाले की कृत्रिम कापूर परवडत नसे. कोम्पाच्या कारखान्यालाही याचा फटका बसला. आमच्या मते कृत्रिम कापराचे खरे काम मक्तेदाराच्या दरावर वेसण घालण्याचे होते. अमेरिकेत ड्यू पाँटने तो 1930 च्या दशकात बनवायला घेतला.

मक्तेदाराकडे आणखी एक डाव होता, माल विकण्याऐवजी आपणच वापरण्याचा. 1919 मध्ये आठ जपानी कंपन्या एकत्र येऊन 'दाइ-निप्पॉन सेल्युलॉइड' उभी राहिली. आजची डायसेल ती हीच. घरचा कापूर हाताशी असल्याने जपान सेल्युलॉइडच्या खेळण्यांत जगाच्या पुढे गेला. याच कंपनीच्या चित्रफितींच्या विभागातून 1934 मध्ये फुजी फिल्म वेगळी झाली. कालपर्यंतचा पुरवठादार आता प्रतिस्पर्धी झाला होता.

चित्रफितींचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचेही सांगावे. दादासाहेब फाळके यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरला तिचाही पाया नायट्रोसेल्युलोजचा होता, आणि त्या काळच्या अशा फितींत कापूर हाच नेहमीचा प्लॅस्टिकीकारक होता. कापूर डबीत ठेवला तरी संप्लवनाने हळूहळू उडून जातो हे आपण पाहतोच. तो फितीतूनही उडतो, आणि मग फीत आक्रसते व ठिसूळ होते. जुन्या मूकपटांचा जो ऱ्हास झाला त्यात या उडून गेलेल्या कापराचाही वाटा आहे.

जपानची मक्तेदारी 1962 मध्ये संपली, पण तोवर सेल्युलॉइडचेच दिवस भरत आले होते. टेबल टेनिसच्या चेंडूत ते टिकून राहिले. 2014 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेल्युलॉइडविरहित चेंडू आले, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत सेल्युलॉइडच्या ज्वलनशीलतेचे कारण होते. आपल्या तबकातला कापूरही आज बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला असतो. कॅम्फीन आता पायनीनपासून उत्प्रेरक वापरून थेट मिळवता येते, त्यात क्लोरीन लागत नाही.