डोळे नसलेल्या गोचिडीचे नाव



फोंडा म्हटले की देवालयांचा इतिहास आठवतो. आज मात्र याच तालुक्यातील बोंडल्यासारख्या रानांशी नाते असलेला एक छोटा इतिहास मी सांगणार आहे. घोरपड, धामण, नाग हे आपल्या ओळखीचे प्राणी. त्यांच्या रक्तावर जगणारी, कठीण पाठीची एक गोचीड भारतात आढळते. नराची संपूर्ण पाठ कवचाने झाकलेली असते. मादीचे कवच केवळ पुढील भागावर असते, म्हणून रक्त पिऊन ती टम्म फुगू शकते.

१८४७ साली पॅरिसच्या इपोलित ल्युका या कीटकशास्त्रज्ञाने या गोचिडीचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या जातीचे 'गर्व्हेसी' हे नाव तेव्हापासूनचे आहे. पुढे १८९९ साली नॉयमान यांनी डोळे नसलेल्या अशा गोचिडींसाठी 'अ‍ॅपोनोमा' ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. १९२८ साली शरीफ यांनी भारतीय गोचिडींचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, आणि या अभ्यासात भारतीय संशोधकाचे नाव ठळकपणे आले.

डोळ्यांचा अभाव हीच शास्त्रज्ञांना नात्याची खूण वाटली. वास्तविक गोचीड आपले भक्ष्य मुख्यतः गंधाने आणि उच्छ्वासातील वायूने ओळखते. त्यासाठी तिच्या पुढच्या पायांवर विशेष इंद्रिय असते. अखेर २००२ साली ही प्रजाती मोडण्यात आली. ऑस्ट्रेलियातील काही जाती वेगळ्या काढल्या गेल्या, आणि आपली गोचीड 'अंब्लियोमा' प्रजातीत गेली. जे नाही त्यावरून बांधलेले नाते शंभर वर्षांनी सुटले.

हा केवळ पंडितांचा वाद आहे, असे कुणी म्हणेल. परंतु १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात माकडताप प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ साली तो आपल्या सत्तरी तालुक्यात येऊन ठेपला. तो मुख्यतः पसरवणारी गोचीड 'हिमाफायसॅलिस' प्रजातीची आहे. नेमके नाव ठाऊक नसले की भीती सर्वच गोचिडींवर, आणि मग बिचाऱ्या घोरपडीवरही पडते. जपून राहावयाचे ते कोणापासून, हे नावच सांगते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच : रानात जे दिसेल त्याची नोंद काळजीपूर्वक करा, आणि चूक आढळली तर ती खोडण्यास संकोचू नका. ल्युकापासून आजवरच्या अभ्यासकांनी हेच केले.