वाटाण्याएवढ्या गाठीची गोष्ट

लातूरला 'नीट'ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक ओळ पाठ असते : इन्सुलिन आधी प्रो-इन्सुलिन म्हणून बनतं, मग त्यातला सी-पेप्टाइड काढला जातो. नांदेडहून लातूरला गेलेल्या मीही ती घोकली. तिच्यामागचा इतिहास मात्र परीक्षा संपल्यावर वाचला. त्यात एका कुरूप समुद्री माशाचा मोठा वाटा निघाला.

आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं जेमतेम एक-दोन टक्के. बाकी भाग पाचक रसांचा, आणि ते रस इन्सुलिनचाच फडशा पाडतात. अँगलरफिशमध्ये मात्र ही बेटं वेगळी गाठ करून बसतात. १९२२ मध्ये टोरांटोच्या जॉन मॅक्लाउड यांनी याचाच फायदा घेतला. गाठींचा अर्क वेगळा काढला, उरलेल्या स्वादुपिंडाचा वेगळा. साखर उतरली ती गाठींच्या अर्काने. इन्सुलिन बेटांतूनच येतं, हे पक्कं झालं.

पुढचा प्रश्न असा : इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात. पेशी त्या वेगवेगळ्या बनवून जोडते का? १९६७ मध्ये शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांनी माणसाच्या एका ट्यूमरच्या पेशींमध्ये उत्तर शोधलं. नाही. आधी एकच लांब साखळी बनते, मग मधला तुकडा कापला जातो.

मग पुन्हा मासा. १९७७ मध्ये डेनिस शील्ड्स आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी माशांच्या गाठींतला आरएनए घेऊन पेशीबाहेर, नळीतच प्रथिन बनवलं. ते प्रो-इन्सुलिनहूनही लांब निघालं. सुरुवातीचा जादा तुकडा म्हणजे पाकिटावरचा पत्ता. माल पेशीत कुठे न्यायचा ते सांगणारा. सस्तन प्राण्याच्या पेशीतली पटलं मिसळली, तर त्यांनीही तो पत्ता वाचून नेमका कापला. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, तरी लिपी एकच!

आज यीस्टकडून इन्सुलिन करून घेतानाही आधी पूर्वरूप बनवतात, मग कापतात. २००३ मध्ये वोक्हार्टने 'वोसुलिन' हे भारतात विकसित झालेलं मानवी इन्सुलिन आणलं. कंपनीचा कारखाना आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला.

१९२२ च्या आधी टाइप-१ मधुमेह झालेलं मूल फार तर वर्ष-दोन वर्षं जगायचं. आज नांदेडमधलं असंच एखादं मूल सकाळी सुई टोचून घेतं, दप्तर उचलतं आणि शाळेत जातं. चार मार्कांच्या त्या ओळीची खरी किंमत ही आहे.