इलेक्ट्रोलिसिस : नको असलेले केस कायमचे काढण्याची पद्धत

आमच्या मंडळाच्या महिला सभासदांत आरोग्याच्या गप्पा सुरू झाल्या की एक विषय बहुधा शेवटी आणि हळू आवाजात निघतो. तो म्हणजे हनुवटीवर, गालांच्या कडेला किंवा ओठावर येणारे जाड, काळे केस. लग्नाच्या वयाच्या मुलींना त्याची धास्ती असते, चाळिशी ओलांडलेल्यांना लाज वाटते, आणि दोघीही दर आठवड्याला गुपचूप दोरा फिरवून येतात.

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या आपल्या किनारपट्टीवर पर्यटन वाढले तसे ब्युटी पार्लर आणि स्पाही वाढले. रशियन पाहुण्यांसाठी पाट्या रशियन भाषेतही लागल्या. त्यांतल्या काहींवर ‘परमनंट हेअर रिमूव्हल’ असे लिहिलेले असते. आमच्यापैकी एकीने अशाच एका ठिकाणी सहा बैठकांचे पैसे आगाऊ भरले. चार बैठका झाल्या, सीझन संपला, जूनमध्ये दुकानाला कुलूप लागले आणि चवथीपर्यंत केस पुन्हा दिसू लागले. नंतर कळले की तिथे इलेक्ट्रोलिसिस नव्हे, लेझर केले होते. तिची पाळी दोन वर्षे अनियमित होती, हेही तिथे कोणी विचारले नव्हते. म्हणून सभासदांसाठी ही माहिती एकत्र करून देत आहोत.

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे काय

शाळेत आपण विद्युत अपघटन शिकलो आहोत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि हायड्रोजन व क्लोरीन हे वायू सुटतात. आगरवाड्याच्या मिठागरांत जे मीठ पिकते, तेच मीठ आपल्या शरीरातल्या पाण्यातही असते, आणि केस जिथून उगवतो त्या रोमकूपातही असते. केसाइतकी बारीक सुई रोमकूपाच्या तोंडातून मुळापर्यंत सरकवतात आणि तिच्यातून अगदी थोडी वीज सोडतात. मुळाशी कणभर कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो केस उगवणाऱ्या पेशी जाळून टाकतो. त्यानंतर केस चिमट्याने ओढावा लागत नाही, तो अलगद सरकून बाहेर येतो. पेशी पूर्ण नष्ट झाल्या तर त्या जागी पुन्हा केस येत नाही.

या पद्धतीची सुरुवात सौंदर्यासाठी झाली नव्हती. अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे नेत्रतज्ज्ञ डॉ. चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचत राहिले की दृष्टी जाण्याची भीती असते. खुपऱ्या होऊन गेलेल्या माणसांना हा त्रास होतो. असे केस उपटले तरी पुन्हा येत, म्हणून त्यांनी मुळावरच इलाज शोधला.

तीन प्रकार

१. गॅल्व्हॅनिक : वर सांगितलेली मूळ पद्धत. यात एकाच दिशेने वाहणारी वीज वापरतात. एका केसाला काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत वेळ लागतो. काम सावकाश, पण पक्के होते.

२. थर्मोलिसिस : ही १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली. यात उच्च वारंवारतेच्या लहरींनी मुळाशी उष्णता निर्माण करतात. एका केसाला सेकंदभर किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. मात्र मूळ वाकडे असेल तर उष्णता नेमकी पोहोचत नाही आणि केस परत येऊ शकतो.

३. ब्लेंड : दोन्हींचा मेळ. ही पद्धत अमेरिकेत १९४० च्या दशकात विकसित झाली. दोऱ्याने वा चिमट्याने वर्षानुवर्षे उपटून वाकडी झालेली मुळे असतील तर ती उपयोगी पडते.

एवढा वेळ का लागतो

प्रत्येक केसाला वाढीचा काळ, थांबण्याचा काळ आणि गळण्याचा काळ असतो. मूळ जिवंत आणि वाढते असेल तेव्हाच घाव नीट बसतो. आज हनुवटीवर दिसणारे केस म्हणजे सगळे केस नव्हेत. काही कातडीखाली विश्रांतीत असतात आणि काही आठवड्यांनी वर येतात. त्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला वा पंधरवड्याला आणि पुढे लांब अंतराने, असे साधारण वर्ष ते दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ जावे लागते.

समजा हनुवटीवर २०० केस आहेत आणि प्रत्येकाला अर्धे मिनिट लागते. मग एका फेरीलाच १०० मिनिटे लागतील, आणि अशा अनेक फेऱ्या होतील. ऑक्टोबरला उघडून मे महिन्यात बंद होणाऱ्या किनाऱ्यावरच्या दुकानात हे काम पूर्ण होणे कठीण आहे. जो पावसाळ्यातही भेटेल अशाच माणसाकडे सुरुवात करावी.

लेझर वेगळे, इलेक्ट्रोलिसिस वेगळे

लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ दुबळे होते. एका वेळी मोठा भाग होतो, म्हणून हातपायांसाठी लेझर सोयीचे आहे. पण पांढऱ्या, भुऱ्या किंवा अगदी बारीक लवीवर त्याचा उपयोग नसतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेतही रंग असतो, त्यामुळे यंत्र चुकीचे निवडले तर भाजण्याची आणि डाग पडण्याची शक्यता असते. गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. चेहऱ्यावरच्या लवीवर लेझर केल्याने काहींच्या बाबतीत केस उलट वाढल्याचेही आढळले आहे.

अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेझरला केस ‘कायमचे कमी करणारे’ म्हणू देते, ‘कायमचे काढणारे’ नव्हे. कायमचे काढणे हा शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी आहे. पाटीवर ‘परमनंट’ वाचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा : लेझर की सुई?

इलेक्ट्रोलिसिसला केसाचा वा कातडीचा रंग आड येत नाही. मोजके जाड केस, पांढरे झालेले केस आणि लेझरनंतर उरलेले केस यांसाठी ती योग्य ठरते. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींनाही दाढीचे केस काढण्यासाठी तिचा मोठा आधार आहे.

आधी कारण शोधा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रोलिसिस असलेले मूळ मारते, नवे केस येण्याचे कारण मारत नाही. शरीरातल्या हार्मोन्सचा तोल बिघडलेला असेल तर शेजारची लव जाड होत राहते आणि खर्च संपत नाही.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. मूल होण्याच्या वयातील दहा स्त्रियांमागे साधारण एकीला तो असतो. पाळी लांबणे, वजन वाढणे, मुरमे, डोक्यावरचे केस विरळ होणे आणि मान काळवंडणे ही त्याची लक्षणे आहेत. त्यातून पुढे मधुमेह होण्याची शक्यता वाढते. म्हणजे हनुवटीवरचा केस ही नुसती दिसण्याची बाब नसते, कधी कधी ती शरीराने दिलेली सूचना असते. आमच्या त्या मैत्रिणीची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी झाली तेव्हा पीसीओएस निघालाच, शिवाय साखरही वाढू लागल्याचे दिसले. वेळेवर कळले म्हणून आहार आणि चालणे यांवर निभावले. पार्लरमध्येच फिरत राहिली असती तर कदाचित आणखी काही वर्षे कळले नसते.

काही महिन्यांत केस एकदम वाढले, आवाज जाड झाला किंवा पाळी बंद झाली, तर थांबू नये. क्वचित बीजकोशातील किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतील गाठ हे त्याचे कारण असते. पाळी जाण्याच्या वयात हनुवटीवर चार-दोन केस येणे मात्र सर्वसाधारण आहे.

पहिली भेट स्त्रीरोगतज्ज्ञांची वा त्वचारोगतज्ज्ञांची असावी. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन्ही विभाग आहेत. गोळ्या सुरू झाल्या तरी केसांवर परिणाम दिसायला सहा महिने लागतात. या गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. त्यांतल्या काही गरोदरपणात धोक्याच्या असतात.

पैसे देण्याआधी काय विचारावे

• सुई नवी, सीलबंद आहे का, आणि आपल्यासमोर उघडतात का? वापरलेल्या सुईतून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात.
• करणाऱ्या व्यक्तीने प्रशिक्षण कोठे घेतले? किती वर्षे काम करते?
• छोट्या भागावर आधी करून दाखवतील का? दोन-तीन आठवडे थांबून डाग पडतो का ते पाहावे.
• दर वेळेनुसार आहे की बैठकीनुसार? सर्व पैसे आगाऊ भरू नयेत.
• पावसाळ्यात काम सुरू असते का?

पेसमेकर असणाऱ्यांनी ही पद्धत करू नये. गरोदर स्त्रिया, मधुमेही, आणि जखम भरताना व्रण फुगून वर येण्याची सवय असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. घरी करायची यंत्रे मिळतात, पण आरशात पाहून स्वतःच्या रोमकूपात सुई घालणे जमत नाही आणि डाग राहतात.

आधीची आणि नंतरची काळजी

बैठकीपूर्वी काही आठवडे दोरा, चिमटा आणि वॅक्स बंद ठेवावे, कारण सुईला केस सापडायला हवा. तोपर्यंत कात्रीने कापले वा रेझर फिरवला तरी चालते. रेझरने केस जाड होत नाहीत. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते हाताला टोचते, एवढेच.

टोचल्याची आणि चटका बसल्याची वेदना होते. बधिर करणारे मलम हवे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्याच भागावर लावावे. नंतर काही तास लाली व सूज राहते, बारीक खपल्या येतात. त्या खरवडू नयेत. दोन दिवस मेकअप, घामाचे काम आणि समुद्रस्नान टाळावे. त्यानंतर काही आठवडे उन्हापासून चेहरा जपावा, नाहीतर आपल्या त्वचेवर काळे डाग राहतात. हळद, लिंबू, बेसन असे काही ताज्या जखमेवर लावू नये.

घरातल्यांसाठी

केस येणे हा मुलीचा दोष नाही आणि आळसही नाही. तान्हेपणी कणकेच्या गोळ्याने नीट चोळले नाही म्हणून केस आले, असे आजही ऐकू येते. ते खरे नाही. जन्मावेळची लव आपोआप गळते आणि मोठेपणीच्या केसांशी तिचा संबंध नसतो.

लग्न ठरले की महिनाभरात ‘सगळे काढून टाक’ अशी घाई केली जाते. इलेक्ट्रोलिसिस महिनाभरात होत नाही, आणि लग्नाच्या तोंडावर चेहऱ्यावर खपल्या नकोत. मुलीला स्वतःला हवे असेल तर दीड वर्ष आधी सुरुवात करावी. नको असेल तर तेही तिचेच म्हणणे राहावे. पण पाळीची विचारपूस आणि एक रक्ततपासणी मात्र आईने, मावशीने वा वहिनीने आवर्जून करून घ्यावी. त्यासाठी लाजू नये.