वादळानंतर शेवाळाचे राज्य
जमैका बेटाला दरवर्षी जून ते नोव्हेंबर वादळांची धास्ती असते. ऑगस्ट १९८० मध्ये ‘ॲलन’ वादळाने तिथल्या उत्तर किनाऱ्यावरचे प्रवाळ मोडून टाकले. मोकळ्या खडकांवर समुद्री शेवाळ उगवले. पण सी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्यांनी ते फस्त केले, आणि प्रवाळ सावरू लागले. शेवाळ खाणारे मासे मात्र बेसुमार मासेमारीने आधीच कमी झाले होते. १९८३ मध्ये रोगाने सी अर्चिनही मेले. मग शेवाळाला आवरणार कोण? १९७७ मध्ये सरासरी ४ टक्के तळ व्यापणारे शेवाळ १९९३ पर्यंत ९२ टक्क्यांवर गेले. प्रवाळ ५२ वरून ३ टक्क्यांवर आले. वादळे तर जमैकाने शतकानुशतके सोसली होती. या वेळी शेवाळ चरणारेच उरले नव्हते.