स्वायत्त मज्जासंस्थेतील संदेशवहन : एका कल्पनेचा इतिहास

हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, डोळ्यांतील बाहुलीचा संकोच-विस्तार, घर्मस्राव इत्यादी क्रिया मनुष्याच्या इच्छेची वाट न पाहता अहोरात्र चालू असतात. त्यांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेस 'स्वायत्त' ही संज्ञा केंब्रिजचे शरीरक्रियाविज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १८९८ मध्ये योजिली. ही संस्था मेंदू व मज्जारज्जू यांपासून सर्वस्वी स्वतंत्र नाही आणि नावातून जितके स्वातंत्र्य सूचित होते तितके तिला वस्तुतः नाही, हे लँगली यांनी स्वतःच नमूद केले होते. तथापि संज्ञा रूढ झाली. या संस्थेचे अनुकंपी व परानुकंपी असे दोन प्रमुख विभाग असून बहुतेक इंद्रियांवर त्यांचे परिणाम परस्परविरोधी असतात, हेही त्या काळात स्पष्ट झाले.

या ज्ञानाची पूर्वपीठिका एकोणिसाव्या शतकात आढळते. व्हेगस मज्जातंतू उत्तेजित केला असता हृदय मंदावते, किंबहुना थांबते, असे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. उत्तेजनाने क्रिया वाढावयाची ती थांबते, ही गोष्ट तत्कालीन विद्वानांस चमत्कारिक वाटली. सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू छेदल्यास त्या बाजूचा कान उष्ण होतो, हे क्लोद बेर्नार यांनी १८५१–५२ च्या सुमारास सिद्ध केले. परंतु मुख्य प्रश्न तसाच राहिला. मज्जातंतूंतून वाहणारा आवेग सर्वत्र एकाच जातीचा असेल, तर एका तंतूच्या टोकाशी हृदय मंदावते व दुसऱ्याच्या टोकाशी तेच वेगवान होते, याचे कारण काय?

उत्तराची पहिली दिशा अधिवृक्क ग्रंथीच्या अभ्यासातून मिळाली. या ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, असे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९४–९५ मध्ये दाखविले. आणि अर्काचे परिणाम अनुकंपी तंतूंच्या उत्तेजनाशी जुळतात, हे १९०१ मध्ये लँगली यांच्या लक्षात आले. केंब्रिज येथील तरुण संशोधक टॉमस एलियट यांनी १९०४ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. आवेग तंतूच्या टोकाशी पोचताच प्रत्येक वेळी अॅड्रेनलीन मुक्त होत असावे, अशी कल्पना त्यांनी एका संक्षिप्त टिपणात मांडली. मात्र पुढील वर्षीच्या विस्तृत निबंधात त्यांनी ती तितक्या स्पष्टपणे मांडली नाही. कल्पना योग्य दिशेची होती. पण तिच्या पाठीशी प्रत्यक्ष प्रमाण नव्हते.

हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये अॅसिटिलकोलीन या द्रव्याचे परिणाम परानुकंपी तंतूंच्या कार्याशी विलक्षण सदृश असल्याचे दाखविले. परंतु हे द्रव्य प्राणिशरीरात आढळते, याचा पुरावा तेव्हा नव्हता. म्हणून डेल यांनी साम्य नोंदविले व ते तेथेच थांबले. या संयमास भीरुता म्हणता येणार नाही. साम्य म्हणजे कारण नव्हे, हा भेद त्यात पाळला गेला.

निर्णायक प्रयोग ग्राट्स येथील ओटो लोएवी यांनी केला व १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित करून, त्या हृदयातील लवणद्रव त्यांनी दुसऱ्या हृदयात घातला. दुसऱ्या हृदयास मज्जातंतू जोडलेला नसतानाही ते मंदावले. अनुकंपी तंतूंच्या उत्तेजनानंतर घेतलेल्या द्रवाने ते वेगवान झाले. प्रयोगाची युक्ती आपणास झोपेत सुचली, ही लोएवी यांनी सांगितलेली कथा फार लोकप्रिय झाली. ती वृद्धापकाळच्या आठवणींत विस्ताराने आली आहे, आणि त्यात त्यांनी घटनेचे वर्ष १९२० दिले आहे. कथा खरी मानली तरी तिने फार काही उलगडत नाही, कारण खरे श्रम प्रयोगानंतर सुरू झाले. अन्यत्र अनेकांस तो साधेना व त्याच्या सत्यतेविषयी शंका घेण्यात आल्या. अखेर १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लोएवी यांनी एकाच हृदयावर तो अठरा वेळा करून दाखविला. त्याच वर्षी, शरीरातील एक विकर 'व्हेगस-द्रव्या'चा झपाट्याने नाश करते व एसेरीन या औषधाने तो नाश रोखता येतो, असे त्यांनी व नावरातिल यांनी दाखविले. द्रव्य हाती का लागत नव्हते, याचा उलगडा त्यामुळे झाला.

यानंतर डेल व डडली यांनी १९२९ मध्ये बैल व घोडा यांच्या प्लीहेतून अॅसिटिलकोलीन मिळविले. जर्मनीतून १९३३ मध्ये पदच्युत झालेले व्हिल्हेल्म फेल्डबर्ग डेल यांच्या प्रयोगशाळेत आले. एसेरीन लावलेल्या जळवेच्या स्नायूद्वारे अत्यल्प अॅसिटिलकोलीन मापण्याची पद्धती त्यांनी सोबत आणली. तिच्या साह्याने हे द्रव्य स्वायत्त गुच्छिकांतही मुक्त होते, हे सिद्ध झाले. डेल व लोएवी यांस १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण मार्च १९३८ मध्ये नात्सींनी ऑस्ट्रिया व्यापताच लोएवी यांस अटक झाली, आणि पारितोषिकाची रक्कम त्यांच्या स्वाधीन केल्यावरच देश सोडण्याची अनुज्ञा मिळाली.

या इतिहासाची शेवटची कडी १९४६ ची होय. सस्तन प्राण्यांच्या अनुकंपी तंतूंचे मुख्य द्रव्य अॅड्रेनलीन नसून नॉरअॅड्रेनलीन आहे, असे उल्फ फोन ऑयलर यांनी दाखविले. एलियट यांचे तत्त्व खरे ठरले, त्यांनी सुचविलेले द्रव्य मात्र बेडकापुरतेच खरे ठरले. कल्पनेचे श्रेय एलियट यांस अवश्य द्यावे. परंतु १९०४ मध्ये जे अनुमान होते त्यास ज्ञानाची पदवी मिळावयास बेडकाची दोन हृदये, जळवेचा एक स्नायू आणि तीन दशकांची चिकाटी खर्ची पडली, हे विसरता येत नाही.