इलेक्ट्रिक मोटारीचा शंभर वर्षांचा खोळंबा

‘ईव्ही घेऊ का?’ असं कुठल्याही फॅमिली ग्रुपवर विचारून बघा. पाच मिनिटांत एखादे काका लिहितात, ‘टेक्नॉलॉजी नवीन आहे, अजून चार-पाच वर्षं थांब.’ थांबावं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. पण ‘नवीन’ हा शब्द मात्र साफ चुकीचा आहे. विजेवर चालणारी गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा वयाने मोठी आहे. ती रस्त्यावर आली, मोठमोठ्या शहरांत मिरवली, हरली, विस्मरणात गेली आणि जवळपास शंभर वर्षांनी परत आली.

वाईट होती म्हणून हरली आणि सुधारली म्हणून परत आली, इतकी सरळ ही गोष्ट नाही. तिच्या हरण्याची आणि परतण्याची बरीचशी कारणं गाडीच्या बाहेरच सापडतात.

ताशी शंभरचा पहिला मान

१८५९ मध्ये गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुन्हापुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी बनवली. आज घरच्या इन्व्हर्टरला जी जड बॅटरी जोडलेली असते, तिची ही खापरपणजी. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी फिरवून दाखवली. कार्ल बेंझने आपल्या पेट्रोलच्या गाडीचं पेटंट मागितलं ते १८८६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

२९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे कामिल जेनात्झी हा बेल्जियन गडी टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीत बसला आणि ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने गेला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभरचा आकडा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती गाडी इलेक्ट्रिक होती. तिचं नाव होतं ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे जिचं कधीच समाधान होत नाही अशी.

अमेरिकेतही तेच वारं होतं. १९०० साली तिथे बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फक्त ९३६. न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रिक टॅक्सी धावत होत्या. बॅटरी संपली की टॅक्सी डेपोत जायची, रिकामी बॅटरी यंत्राने बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा धंद्यावर. आज आपण ज्याला बॅटरी स्वॅपिंग म्हणतो, ते हेच. ती कंपनी पुढे शेअरच्या सट्ट्यात, ढिसाळ कारभारात आणि लवकर खराब होणाऱ्या बॅटऱ्यांच्या खर्चात बुडाली.

लोकांना इलेक्ट्रिक गाडी आवडायची याची कारणं साधी होती. धूर नाही, आवाज नाही, गिअर बदलायची कटकट नाही. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर समोर उभं राहून लोखंडी हँडल जोर लावून फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडायचं. जुन्या स्कूटरच्या किकने नडगी सोलून घेतलेले लोक आपल्या घरात असतात. हे हँडल त्या किकचं रागीट थोरलं भावंड होतं.

अडचण मोटारीत नव्हतीच

मग घोडं अडलं कुठे? विजेची मोटार, म्हणजे चाक फिरवणारं यंत्र, तेव्हाही उत्तम होतं. त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली इलेक्ट्रिक रेल्वेगाडी धावली. त्यानंतरची शंभर वर्षं मुंबईने विजेच्याच मोटारींच्या जिवावर नोकरी केली. फरक एवढाच, की लोकलला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. तिला स्वतःची वीज पाठीवर वाहून न्यावी लागत नाही.

मोटारगाडीला ती न्यावी लागते, आणि सगळं दुखणं तिथे होतं. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते. एक किलो शिशाच्या बॅटरीत मावते एका युनिटच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढी. पेट्रोलचं इंजिन त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता म्हणून उधळून देतं, हे खरं. तरी ही दरी बुजण्यासारखी नव्हती.

विशी ओलांडलेला एक तरुण इंजिनिअर तेव्हा व्हिएन्नात या वजनाशी झगडत होता. त्याचं नाव फर्डिनांड पोर्शे. त्याने चाकांमध्येच मोटारी बसवून इलेक्ट्रिक गाड्या बनवल्या. त्यातल्या एका गाडीत १,८०० किलो बॅटऱ्या होत्या. आजच्या दोन छोट्या हॅचबॅकचं मिळून जेवढं वजन, तेवढं नुसत्या बॅटरीचं. १९०० च्या सुमारास त्याने वेगळा मार्ग काढला. बॅटरी लहान केली आणि गाडीत पेट्रोलचं इंजिन बसवलं. हे इंजिन चाकांना जोडलेलंच नव्हतं. त्याचं काम फक्त वीज तयार करण्याचं, चाकं फिरवायची मोटारींनी. गाडीचं नाव ‘सेम्पर व्हिव्हस’, म्हणजे सदाजीवी. आज जाहिरातींत झळकणारी हायब्रिड गाडी अशी सव्वाशे वर्षांपूर्वीच जन्मली होती. पण ती महाग आणि गुंतागुंतीची ठरली.

विजेनेच विजेला हरवलं

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत एक नवी सोय आली. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने इंजिनाला एक छोटी इलेक्ट्रिक मोटार आणि बॅटरी जोडली. बटण दाबलं की मोटार इंजिन फिरवून सुरू करायची. हँडल मारणं संपलं. इलेक्ट्रिक गाडीचा सगळ्यात मोठा फायदा पेट्रोलच्या गाडीने उचलला, आणि तोही इलेक्ट्रिक मोटार वापरूनच. आपण आज ‘सेल्फ मारतो’ तो हाच.

बाकीचे घाव त्याआधीच बसायला लागले होते. १९०१ मध्ये टेक्सासमध्ये प्रचंड तेल सापडलं. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि तिची किंमत वर्षागणिक उतरत गेली. १९१२ मध्ये पेट्रोलची गाडी साडेसहाशे डॉलरला मिळत होती, तेव्हा इलेक्ट्रिक रोडस्टरला १,७५० डॉलर मोजावे लागत.

सगळ्यात मोठा घाव मात्र गावांमध्ये होता. लोकांना आता गाडी घेऊन शहराबाहेर जायचं होतं. पेट्रोल डब्यात भरून दुकानाच्या फळीवर ठेवता येतं. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा पेट्रोल पंप नावाची चीज जगात नव्हती. तिने विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं आणि पुढे गेली. विजेचं असं होत नाही. तिला खांब लागतात, तारा लागतात. अगदी १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या ग्रामीण भागात दहातल्या एकाच घरात वीज होती. गाडी नेणार कुठे आणि चार्ज करणार कशी?

गंमत म्हणजे हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवायची. तिची १९१४ ची गाडी आजही फोर्डच्या नावाच्या संग्रहालयात आहे. त्याच वर्षी फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त इलेक्ट्रिक गाडी आणणार अशा बातम्या छापून आल्या. एडिसनने निकेल आणि लोखंडाच्या बॅटरीवर कित्येक वर्षं खर्ची घातली होती. पण ती गाडी बाजारात आलीच नाही.

त्यानंतर इलेक्ट्रिक गाडी अज्ञातवासात गेली. इंग्लंडमध्ये पहाटे आवाज न करता घरोघरी दुधाच्या बाटल्या पोचवणाऱ्या गाड्यांत, गोदामांतल्या फोर्कलिफ्टमध्ये ती तग धरून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पेट्रोल दुर्मिळ झालं, तेव्हा १९४७ मध्ये ‘तामा’ नावाची इलेक्ट्रिक गाडी निघाली. पेट्रोल मिळू लागलं आणि तीही मागे पडली.

तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत

बॅटरीचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९७२ मध्ये स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हा शास्त्रज्ञ एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं आणि ‘तेलानंतर काय’ हा प्रश्न तेल कंपन्यांनाही पडला. व्हिटिंगहॅमने लिथियम या सगळ्यात हलक्या धातूची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. त्यात शुद्ध लिथियम होतं. वारंवार चार्ज केल्यावर त्याला सुईसारखे कोंब फुटायचे, आतल्या आत शॉर्टसर्किट व्हायचं आणि बॅटरी पेट घ्यायची. पुढे तेल स्वस्त झालं आणि एक्सॉनने हा नाद सोडला.

ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइड वापरून बॅटरीचा दाब जवळपास दुप्पट केला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये शुद्ध लिथियम काढून टाकलं आणि त्या जागी पेट्रोलियम कोक वापरला. हा कोक म्हणजे तेलशुद्धीकरणात मागे उरणारा काळा कार्बन. म्हणजे तेलाच्या गाळानेच ही बॅटरी वापरण्याजोगी सुरक्षित केली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

ही बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, पण गाडीसाठी नाही, व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. मग ती लॅपटॉपमध्ये गेली, मोबाइलमध्ये गेली. आत्ता तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय, त्याच्या आतही तीच आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवा फोन घेणाऱ्या आपल्यासारख्या कोट्यवधी लोकांनी कारखाने चालते ठेवले, बॅटरी सुधारत गेली, स्वस्त होत गेली. २००८ मध्ये टेस्लाची रोडस्टर आली. तिच्या बॅटरीत लॅपटॉपला वापरतात तसलेच ६,८३१ सेल एकत्र बांधलेले होते.

कायदा, चुराडा आणि हायब्रिड

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. शहरांवरच्या धुरक्याला कंटाळून १९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने नियम केला, की मोठ्या कंपन्यांनी १९९८ पासून विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ईव्ही-१’ आणली. ती विकत मिळत नव्हती, भाड्यानेच. हजाराहून थोड्या जास्त गाड्या बनल्या. पुढे नियम सैल झाला, कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेकींचा चुराडा केला. ‘आम्ही विकत घेतो’ म्हणणारे चालक होते, त्यांचं कुणी ऐकलं नाही.

दुसरीकडे टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘प्रियस’ आणली. तिच्यात इंजिन आणि मोटार दोन्ही चाकं फिरवतात. ब्रेक दाबला की मोटार जनित्र बनते आणि वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरते. सिग्नलला थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी गाडीला याचा मोठा फायदा. तिला चार्जिंग पॉइंट लागत नव्हता. पंपावर जाण्याची सवय न मोडता तिने लोकांना विजेची सवय लावली. भारतात २००१ मध्ये बंगळुरूहून ‘रेवा’ आली. छोटीशी, शिशाच्याच बॅटरीवर चालणारी. तिला आपल्याकडे फारसं कुणी विचारलं नाही, पण लंडनच्या रस्त्यांवर ती ‘जी-विझ’ या नावाने फिरत होती.

आता डाव कुणाच्या हातात?

ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एक किलोवॉट-तासाची बॅटरी हजार डॉलरहून महाग होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. आजच्या लिथियम सेलमध्ये किलोला साधारण पाव युनिट मावतं, शिशाच्या सात-आठ पट. कोबाल्ट नको असलेल्या, लोह आणि फॉस्फेटच्या बॅटऱ्याही आता गाड्यांत सर्रास आहेत. त्यांची सुरुवातसुद्धा १९९० च्या दशकात गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत झाली.

म्हणून आता इलेक्ट्रिक गाडी जिंकलीच, असं म्हणायचा मोह होतो. इतिहास तसं म्हणू देत नाही. बाहेरचे प्रश्न अजून बाहेरच आहेत. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं आणि तिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. आपल्या देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची आहे. शहरातला धूर कमी होतो, पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्याला तो दिसतोच. सरकारने २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. जो कर एका निर्णयाने उतरतो, तो एका निर्णयाने चढूही शकतो. कॅलिफोर्नियात नियम सैल झाला, तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे.

आणि चार्जिंग? ज्याचा बंगला आहे, स्वतःचं पार्किंग आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न कधीच सुटलाय. चाळीत राहणारा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा माणूस मात्र १९३० च्या दशकातल्या अमेरिकन शेतकऱ्याच्या जागी उभा आहे. गाडी दारात आणता येईल, पण तिच्यापर्यंत तार येणार नाही. मागच्या वेळी याच जागी इलेक्ट्रिक गाडी हरली होती. त्यामुळे सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगमध्ये पॉइंट द्यायचा की नाही, आणि तो भाडेकरूलाही द्यायचा का, हा विषय निघाला, तर तो किरकोळ समजून उठून जाऊ नका.