आजीचं गाव, नातवाची जर्सी



"तू कुठली गं?" असं कुणी विचारलं की आपल्यातल्या बहुतेक जणी दोन गावांची नावं सांगतात. माहेर हे, सासर ते. सासरच्या जत्रेची वर्गणी आपण देतो आणि माहेरच्या देवीची ओटीही भरतो. त्यात कुणाला दगाफटका दिसत नाही. पण हाच प्रश्न देशाबद्दल आला की माणसं हट्टाला पेटतात. एकाच देशाचं नाव घे म्हणतात. हा हट्ट फुटबॉलच्या मैदानावर कसा चालला, कुणाला महागात पडला आणि हळूहळू कसा सैल झाला, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. फुटबॉल आपल्याला कळत नसला तरी चालेल. गोष्ट घरातलीच आहे.

आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला अल्जेरिया नावाचा देश आहे. समोर भूमध्य समुद्र आणि पलीकडे फ्रान्स. १८३० साली फ्रेंच सैन्य तिथे उतरलं आणि पुढची १३२ वर्षं फ्रान्सचंच राज्य राहिलं. फ्रेंच सरकार म्हणायचं, ही आमची वसाहत नाही, हा आमचाच भाग आहे. पण तिथल्या मुसलमान रहिवाशांना बरोबरीचे हक्क मात्र नव्हते. पोटापाण्यासाठी हजारो अल्जेरियन कुटुंबं समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये गेली. कुणी कारखान्यात, कुणी खाणीत, कुणी बांधकामावर लागलं. त्यांच्यातली काही पोरं फुटबॉलमध्ये चमकली.

रशीद मेखलूफी त्यातला एक. त्याचा जन्म १९३६चा, अल्जेरियातल्या सेतिफ या गावचा. तो आठ वर्षांचा असताना, ८ मे १९४५ रोजी, त्याच सेतिफमध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यानंतर त्या भागात जी दडपशाही झाली, तिच्यात हजारो माणसं मारली गेली. नऊ वर्षांनी, १९५४ साली, हा मुलगा फ्रान्समधल्या सेंट-एतिएन या शहराच्या संघात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. मेखलूफी मैदान गाजवत होता. १९५७ साली त्याचा संघ फ्रान्सचा विजेता झाला, आणि तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. अंगावर फ्रान्सची जर्सी आणि गावाकडे फ्रान्सच्या बंदुका, अशी त्याची अवस्था होती.

एप्रिल १९५८ मध्ये अल्जेरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फ्रान्समधल्या अल्जेरियन खेळाडूंना गुपचूप निरोप धाडला. निघून या, आपला संघ उभा करायचा आहे. दोन महिन्यांवर स्वीडनमधली विश्वचषक स्पर्धा होती. मेखलूफी आणि मोनाको संघाचा मुस्तफा झितूनी हे दोघंही फ्रान्सच्या संघातून तिथे जाण्याच्या बेतात होते. तरी ते निघाले. आदल्या दिवशीच्या सामन्यात मार लागल्यामुळे मेखलूफी दवाखान्यात होता. सहकारी गाडी घेऊन आले आणि त्याला तिथूनच स्वित्झर्लंडच्या हद्दीपार घेऊन गेले. तो तेव्हा सक्तीची लष्करी सेवा करत होता, म्हणजे पकडला गेला असता तर पळपुटा सैनिक ठरला असता. काही खेळाडू पकडले गेलेच, त्यांना तुरुंगात जावं लागलं. जे सुटले ते इटलीमार्गे ट्युनिस शहरात जमले.

त्यांनी काय सोडलं बघा. चांगला पगार, राहतं घर, नाव आणि विश्वचषक. आणि मिळालं काय? ज्या देशाचा संघ म्हणून ते उभे राहिले, तो देश अजून कागदावर नव्हता. जगभरच्या फुटबॉलचा कारभार फिफा ही संस्था बघते. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. उलट, यांच्याशी जो खेळेल त्याच्यावर कारवाई करू, असा दम भरला. तरी ट्युनिशिया, मोरोक्को, पूर्व युरोपातले देश, चीन, व्हिएतनाम असे संघ त्यांच्याशी खेळले. प्रत्येक सामन्याआधी अल्जेरियाचा झेंडा चढायचा आणि राष्ट्रगीत वाजायचं. देश जन्माला येण्याआधी चार वर्षं त्याचा संघ मैदानात धावत होता.

जुलै १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेखलूफी सेंट-एतिएनला परतला. खाणकामगारांचं शहर ते, अल्जेरियाच्या युद्धात तिथली पोरंही लढायला गेलेली. मेखलूफी पुढे सांगायचा की पहिल्या सामन्यात तो उतरला तेव्हा सगळं मैदान गप्प होतं. मग त्याने पहिल्यांदा चेंडू घेतला आणि टाळ्या सुरू झाल्या. १९६८ साली फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात सेंट-एतिएनचे दोन्ही गोल त्यानेच केले. त्याच काळात तो अल्जेरियाच्या राष्ट्रीय संघातूनही खेळत होता. लोकांना तो दोन्हीकडचा म्हणून चालला.

फिफाचा नियम मात्र १९६०च्या दशकात उलट आणखी कडक झाला होता. एका देशाकडून खेळलास की दुसऱ्याकडून नाही. फ्रान्समध्ये जन्मलेल्या अल्जेरियन कुटुंबातल्या पोरांना याचा मोठा फटका बसला. सोळाव्या-सतराव्या वर्षी फ्रान्सच्या कुमार संघातून खेळलं की आजोळच्या देशाचं दार कायमचं बंद. एवढ्या कोवळ्या वयात कोण एवढा मोठा निर्णय करणार?

२००४च्या सुरुवातीला हे दार थोडं उघडलं. कुमार गटात एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला वयाच्या २१व्या वर्षापर्यंत एकदा देश बदलता येईल, असं ठरलं. फ्रान्समध्ये जन्मलेला अंतर याहिया हा या नियमाने पहिला अल्जेरियात आला. पुढे जून २००९ मध्ये बहामा बेटांवर फिफाची सभा झाली. तिथे खुद्द अल्जेरियानेच ठराव मांडला आणि वयाची अट निघून गेली. २०१४च्या विश्वचषकात अल्जेरियाचे जे २३ खेळाडू गेले, त्यातले १६ जण फ्रान्समध्ये जन्मलेले होते.

याला विरोधही झाला. काही जण म्हणाले, फ्रान्सने शिकवायचं आणि अल्जेरियाने वापरायचं का? पैशाचा प्रश्न तर खराच होता. २००४ साली कतार या श्रीमंत देशाने काही ब्राझिलियन खेळाडूंना पैसे देऊन आपल्या संघात घ्यायचा घाट घातला होता. त्यांचं कतारशी कसलंच नातं नव्हतं. तेव्हा फिफाने नियम केला की नुसतं पासपोर्ट चालणार नाही, नातं दाखवा. तू तिथे जन्मलास का? किंवा तुझी आई किंवा वडील तिथे जन्मले का? किंवा तुझी आजी किंवा आजोबा? यातलं काहीच नसेल तर तिथे ठरावीक वर्षं राहिलेलं असलं पाहिजे.

मैत्रिणींनो, या नियमात आईचं नाव आधी येतं आणि वडिलांचं नंतर. आजी आधी, आजोबा नंतर. आईची आई असो की वडिलांची आई, दोघी सारख्याच मोजल्या जातात. बाळाची नाळ कुठली, याचं उत्तर बाईच्या गावावरूनही देता येतं, हे इथे लेखी मान्य झालं.

पण फिफाने मानलं तरी नागरिकत्व देशाचा कायदाच देतो, आणि तिथे बाई बरीच मागे होती. ज्या अल्जेरियाने देश सोडून गेलेल्यांची मुलं परत बोलावली, त्याच्याच कायद्यात अल्जेरियन आईला परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलाला आपलं नागरिकत्व देता येत नव्हतं. वडील अल्जेरियन असले की प्रश्न नव्हता. हा भेद २००५ साली गेला. आपण बोट दाखवायची घाई करू नये. भारताच्या १९५५च्या कायद्यातही परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडिलांकडून. "आई किंवा वडील" असे शब्द लागू झाले डिसेंबर १९९२ मध्ये.

आईकडच्या नात्याचं एक ताजं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. रायन विल्यम्स हा फुटबॉलपटू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात जन्मला आणि ऑस्ट्रेलियाकडून एक सामनाही खेळला. त्याची आई मुंबईत जन्मलेली. आईचे वडील १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून २०२५ साली त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आईच्या गावाची ओढ म्हणा, आजोबांची आठवण म्हणा, पण त्यासाठी त्याला हातातलं एक सोडावं लागलंच. दोन्हीकडचं असणं अजूनही फुकट मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही एक बदल झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत घरातल्या लहानग्यांचे जन्मदाखले घेऊन बसा. आईचं नाव आहे का, बरोबर लिहिलंय का, तिच्या आधार कार्डाशी जुळतं का, हे एकमेकींना वाचून दाखवा. चूक असेल तर ग्रामपंचायतीत दुरुस्तीचा अर्ज करा. आणि जमलंच तर आजीचं जन्मगावही कुठेतरी लिहून ठेवा. बऱ्याच घरांत ते फक्त आजीलाच माहीत असतं.